रिलेचा संघ निवडताना दुसरा तास बघा

समुद्रातल्या लांब पल्ल्याच्या रिलेसाठी मुलं निवडायची म्हटलं की आपल्याकडे आधी स्टॉपवॉच बाहेर निघतं. तलावातलं शंभर मीटरचं टायमिंग बघायचं, वरचे सहा उचलायचे, झाला संघ. मला हे अजिबात पटत नाही.

इंग्लिश खाडीच्या रिलेचे नियम बघा. साधारणपणे सहा जण, प्रत्येकाने एकेक तास पोहायचं, सुरुवातीला ठरलेला क्रम शेवटपर्यंत तोच. वेटसूट नाही, बदली खेळाडू नाही. कुणी आपल्या तासाला उतरलाच नाही, किंवा तास भरायच्या आत होडीत चढला, तर सगळ्यांचीच रिले बाद. पाच जण कितीही दमदार असोत, सहावा कोलमडला की संपलं.

पहिला तास उत्साहात निघून जातो. खरा कस लागतो तो दुसऱ्या खेपेला. मधले पाच तास होडीत काढायचे असतात. अंग खारवलेलं, वाऱ्याने दात वाजतायत, डिझेलचा धूर नाकात, पोटात ढवळतंय. थर्मासचं झाकण उघडायला बोटं वळत नाहीत. अशा वेळी शेजारचा काही न बोलता झाकण फिरवून देतो, डोक्यावर कानटोपी चढवतो, आलेपाकाची वडी पुढे करतो. मला संघात तो पोरगा हवा. तलावात चार सेकंद मागे का असेना!

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे पोहायचा नेहमीचा मार्ग म्हणजे धरमतर खाडी ते मुंबईचं गेटवे, अंतर सुमारे 36 किलोमीटर. ओहोटीबरोबर रेवस-करंजाच्या, म्हणजे खाडीच्या तोंडाच्या, बाहेर पडायचं आणि पुढे भरती धरायची, हे गणित तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, पक्कं ठाऊक असतं. पाणी उलटं फिरलं की चांगला पोहणाराही तासभर हात मारून जागच्या जागी राहतो. तो तास ज्याच्या वाट्याला आला त्याचा काय दोष? पण होडीतून कुणी ‘हा स्लो पडला’ म्हटलं की संघ तिथेच फुटतो. हे मी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

2018 मध्ये सत्येंद्रसिंह लोहिया आणि त्यांच्या दिव्यांग साथीदारांनी रिलेने इंग्लिश खाडी 12 तास 26 मिनिटांत पार केली. चौघेच होते. म्हणजे गार पाण्यात परत उतरायची वेळ किती लवकर येत असेल, विचार करा.

मालवणला चिवला बीचवर दर डिसेंबरला सागरी स्पर्धा होते, पोरं लांबून लांबून येतात. आपल्या किनाऱ्यावर हौस आहे, पाणीही आहे. आमच्या भागातल्या क्लबांना म्हणूनच कळकळीने सांगतो, निवड चाचणी समुद्रातच घ्या. लाइफगार्ड आणि कयाक सोबत ठेवून मुलांना तासभर पोहवा, मग काही तास होडीत बसवा आणि पुन्हा उतरवा. निवड करताना तांडेलालाही विचारा, होडीत कोण कसा वागतो हे त्याच्याइतकं कुणालाच दिसत नाही. शिवाय रिलेत होडीचं भाडं सहा घरांत वाटलं जातं. एकट्याने पोहायचा खर्च न झेपणारी कोळीवाड्यातली मुलंही त्यात येऊ शकतील. पावसाळा सरून दर्या शांत झाला की लगेच सुरुवात करता येईल.