वर्डची फाइल दुसऱ्या पीसीवर हलते ती फक्त व्हर्जनमुळे नाही

आमच्या दोन-तीन ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय, की वर्डची फाइल एका पीसीवर नीट दिसते आणि दुसऱ्यावर उघडली की पानं सरकतात, तक्ता मोडतो, सहीची जागा पुढच्या पानावर जाते, याचं कारण एकच, ऑफिसचं व्हर्जन वेगळं. आणि उपाय चार दिलेत: सगळीकडे एकच व्हर्जन टाका, मंगल फॉन्ट वापरा कारण तो प्रत्येक विंडोजमध्ये असतोच, एंटर आणि स्पेस मारून पान जुळवून घ्या, आणि तरी नाही जमलं तर पीडीएफ पाठवा म्हणजे विषय संपला. मी शाळेच्या ऑफिसात टायपिंग करते, प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, प्रस्ताव सगळं माझ्याच टेबलावरून जातं, म्हणून लिहितेय, कारण हा मेसेज वाचून लोक नव्या व्हर्जनवर पैसे घालतायत आणि फाइल तरी हलतेच.

पहिलं व्हर्जनचं. आमच्याकडे दोन पीसीवर अगदी एकच व्हर्जन आहे, तरी वार्षिक परीक्षेच्या वेळी 4 पानांची प्रश्नपत्रिका दुसऱ्या पीसीवर 5 पानांची झाली. असं होतं कारण वर्डच्या फाइलमध्ये पानं नसतातच. फाइलमध्ये असतो मजकूर आणि सूचना, की हा फॉन्ट, एवढा साइझ, एवढा मार्जिन, आणि ते वाचून प्रत्येक पीसी पानं नव्याने रचतो. वर्डच्या डॉक्स (.docx) फाइलच्या कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं आणि उघडलं तर आतला मजकूर दिसतो, त्यात मागच्या वेळी पान कुठे संपलं होतं याची खूण पण सापडते, पण ती नुसती नोंद असते, वर्ड तिला बांधील नसतो. म्हणजे दोन्हीकडे व्हर्जन एक पण फॉन्ट वेगळे, तर पानं वेगळी पडणारच.

व्हर्जनचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. वर्ड 2003 मध्ये साधा मजकूर टाइम्स न्यू रोमन 12 मध्ये यायचा, वर्ड 2007 पासून कॅलिब्री 11, ओळींचं अंतर 1.15 आणि परिच्छेदाखाली 10 पॉइंट, मग 2013 ला ते 1.08 आणि 8 पॉइंट झालं, आता नवीनमध्ये ॲप्टोस येतो. पण हे सगळं नव्या कोऱ्या फाइलसाठी, जुनी फाइल आपल्या स्टाइल, म्हणजे फॉन्ट, साइझ, अंतर यांचे ठरवलेले संच, स्वतःबरोबर घेऊन फिरते. बिघडतं कुठे, तर एका फाइलमधून दुसरीत पेस्ट केल्यावर मजकूर तिथल्या स्टाइल उचलतो तेव्हा, किंवा डेव्हलपर टॅबमधल्या डॉक्युमेंट टेम्प्लेटमध्ये ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स या चौकोनात टिक असते तेव्हा, मग ज्या पीसीवर फाइल उघडाल तिथल्या टेम्प्लेटप्रमाणे, म्हणजे फाइलच्या मूळ साच्याप्रमाणे, स्टाइल बदलतात. ती टिक काढून टाका, व्हर्जन विकत घ्यायच्या आधी.

आता मंगल. हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण लोक निर्धास्त राहतात. विंडोज 10 पासून मंगल मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाही, तो देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स नावाच्या ऑप्शनल फीचरमध्ये गेलाय, कोकिळा, अपराजिता, उत्साह यांच्यासोबत. सेटिंगमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा टाकली की तो आपोआप येतो, नाही टाकली तर नाही. मुळात असतो तो निर्मला यूआय, आणि दोन्ही फॉन्टची उंची-रुंदी सारखी नाही, त्यामुळे ओळींचं अंतर सिंगल ठेवलं असेल तर प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत पानाच्या शेवटी काही ओळींचा फरक पडतो. आणि खरी फसगत अशी, की मंगल पीसीवर नसला तरी वरच्या फॉन्टच्या खिडकीत नाव मंगलच दिसतं! म्हणून नावावर जाऊ नका. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे खाली फॉन्ट सब्स्टिट्यूशन असं बटण आहे, कुठला फॉन्ट गायब आहे आणि त्याच्या जागी कुठला घातलाय हे तिथे कळतं. अजून एक, फॉन्टच्या डायलॉगमध्ये लॅटिन आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट अशा दोन जागा असतात, मराठी अक्षरं दुसरीतून फॉन्ट आणि साइझ घेतात आणि 1, 2, 3 सारखे आकडे पहिलीतून, म्हणून दोन्ही भरायच्या.

मेसेजखाली कुणीतरी असंही जोडलंय की युनिकोड (मंगलसारखे फॉन्ट, ज्यात मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात) सोडा, जुना कृतीदेव फॉन्ट बरा होता, फाइल हलायची नाही. हे तर मुळीच ऐकू नका. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेली असतात, समोर तो फॉन्ट नसेल तर अख्खं पत्र इंग्रजी अक्षरांची खिचडी होतं, वाचताच येत नाही. युनिकोडमध्ये फार तर ओळ सरकते, मजकूर जात नाही.

एंटर आणि स्पेसचं मात्र मनापासून सांगते, कारण इथे मुलांचं नुकसान मी बघितलंय. सरांनी घरच्या लॅपटॉपवर प्रत्येक प्रश्नाच्या पुढे स्पेस मारत मारत उजव्या कडेला गुण लिहिले होते, शाळेत छापताना फॉन्ट बदलला, अर्धे गुण खालच्या ओळीवर पडले आणि पेपर चालू असताना मुलं विचारत होती की हा 3 गुणांचा प्रश्न कुठला आणि 5 चा कुठला. प्रत्येक फॉन्टमध्ये स्पेसची रुंदी वेगळी असते, म्हणून स्पेसवर जुळवलेलं हमखास सुटतं. रूलरवर उजव्या कडेला राइट टॅब लावा आणि टॅब एकदाच दाबा, मग फॉन्ट कुठलाही येवो, आकडा कडेलाच बसतो. नवीन पान हवं तर दहा एंटर नाही, कंट्रोल-एंटर. सहीची जागा आणि तिच्या वरची ओळ एकत्र राहायला हवी तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये कीप विथ नेक्स्ट. तक्त्यात टेबल प्रॉपर्टीज, ऑप्शन्समध्ये जाऊन ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स ची टिक काढायची, नाहीतर लांब नाव आलं की सगळे रकाने हलतात. आणि ओळींचं अंतर सिंगल न ठेवता एक्झॅक्टली करून आकडा द्यायचा, मी 12 च्या मजकुराला 20 पॉइंट देते, फार कमी दिला तर रफार आणि मात्रा कापल्या जातात म्हणून एकदा छापून बघायचं.

कागदाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. बऱ्याच पीसीवर नवी फाइल लेटर साइझवर सुरू होते आणि प्रिंटरमध्ये असतो ए4. लेटर 216 बाय 279 मिलीमीटर, ए4 210 बाय 297, म्हणजे उंचीतच 18 मिलीमीटरचा फरक, 20 पॉइंटच्या अडीच ओळी. आणि छापताना ए4 आणि लेटर आपसात स्केल करायची एक टिक ऑप्शन्समध्ये असते, ती चालू असली की वर्ड गुपचूप आकार बदलून छापतं. फाइल सुरू करतानाच लेआउटमध्ये ए4 निवडा.

पीडीएफला माझा विरोध नाही, शेवटची छापायची प्रत पीडीएफच पाहिजे. पण आमची निम्मी कामं अशी असतात की फाइल पाच जणांकडे फिरते, प्रत्येक जण आपापला रकाना भरतो, मॅडम शेवटी दुरुस्त्या सांगतात. तिथे पीडीएफ पाठवली तर समोरचा ती वर्डमध्ये उघडतो आणि मग जे होतं ते मूळ गोंधळापेक्षा वाईट असतं, मराठी मजकूर कॉपी केला तर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटून येतात ते वेगळंच.

अशा फिरणाऱ्या फाइलसाठी जो उपाय आहे तो त्या मेसेजमध्ये नाहीच. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथे खाली एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल. टिक केली की फॉन्ट फाइलच्या आतच बसतो आणि तिच्याबरोबर जातो. त्याखाली वापरलेलीच अक्षरं एम्बेड करा अशी टिक असते, पुढच्या माणसाला टाइप करायचं असेल तर ती ठेवू नका, आणि नेहमीचे सिस्टिम फॉन्ट वगळा ही दुसरी, ती पण मी काढते. फाइल थोडी जड होते. सगळ्या फॉन्टना एम्बेड व्हायची परवानगी नसते, म्हणून मी मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घेते, दोन्ही फुकट आहेत, कितीही पीसीवर टाकता येतात. सरांच्या लॅपटॉपवर मुक्ता टाकून दिला, गुणांना टॅब लावून दिले, कागद ए4 केला, आणि सहामाहीचा पेपर दोन्ही पीसीवर 4 पानांचाच निघाला, त्याच जुन्या व्हर्जनवर.