मला बिअर कळते

पूर्वी माझ्या लेखी बिअरचे दोनच प्रकार होते: थंड आणि कोमट. थंड असली तर मुकाट प्यायची, कोमट असली तर यजमानाला मनातल्या मनात नावं ठेवत प्यायची. मग एका मित्राने गव्हाची, गढूळ दिसणारी बिअर हातात दिली आणि म्हणाला, "पिऊ नकोस. आधी वास घे. केळं येतंय?" मी नाक खुपसलं. केळं आलं! पाठोपाठ लवंगही आली. बाटलीत ना केळं होतं ना लवंग, हा सगळा बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा उद्योग, असं त्याने समजावलं. त्या दिवसापासून मी एक बिअर सरळ प्यायलो असेन तर शपथ.

आता आम्ही कुठेही फिरायला गेलो की बायको नकाशावर संग्रहालय शोधते आणि मी बिअर बनवणारी ब्रुअरी. दोन्ही ठिकाणी माहिती सांगणारा माणूस असतो. फरक एवढाच, की संग्रहालयातल्या माणसाला मी प्रश्न विचारत नाही.

अशाच एका छोट्या ब्रुअरीत मालकाने मला आत नेलं. चकचकीत टाक्या, पायाखाली ओली फरशी, हवेत उकडलेल्या धान्याचा वास. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, त्याने चिमूटभर हातावर ठेवली आणि चावून बघायला सांगितली. गोडसर, खुसखुशीत. छान लागली. मग त्याने हॉप्स नावाच्या वेलीचं एक फूल दिलं, हिरवं, कागदासारख्या पाकळ्यांचं. मी शहाणा, तेही तोंडात टाकलं. ते तळहातावर चोळायचं असतं. चोळलं की आतली पिवळी पूड मोकळी होते आणि तिचा वास घ्यायचा असतो. हे त्याने मला सांगितलं, पण मी चावून झाल्यावर. बिअरचा कडूपणा कुठून येतो हे मला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही. पुढची सगळी टेस्टिंग मी त्या जिभेने केली आणि प्रत्येक ग्लासाला "बॅलन्स छान आहे" म्हणालो.

टेस्टिंगचंही एक शास्त्र आहे. खाचा पाडलेल्या लाकडी फळीवर चार-पाच चिमुकले ग्लास येतात. वेटर डावीकडून उजवीकडे नावं सांगतो. फिक्यापासून गडदकडे जायचं, एवढा नियम सोपा आहे, पण मी फोटो काढायला फळी फिरवली. गडद स्टाउट आपल्या रंगाने ओळखू आली, बाकीच्या तिघी सोनेरी बहिणी-बहिणी. त्यातल्या एकीला मी बायकोसमोर "हॉप्समुळे संत्र्याच्या सालीसारखा सुगंध येतोय बघ" असं प्रमाणपत्र दिलं. वेटरने नम्रपणे सांगितलं, की ती साधी लागर आहे आणि संत्र्याची साल शेजारच्या ग्लासात आहे. बायकोने शेजारचा ग्लास उचलून वास घेतला आणि म्हणाली, "हो, यात येतोय की." तिला एकही पुस्तक न वाचता येतोय!

पण खरी परीक्षा जर्मनीतल्या कोलोनला झाली. तिथली कोल्श ही बिअर 200 मिलीच्या उंच, नळीसारख्या ग्लासात देतात. एवढासा ग्लास बघून मला हसूच आलं. दोन घोटांत संपवला. निळा एप्रन घातलेला वेटर आला, न विचारता भरलेला ग्लास ठेवला, खालच्या पुठ्ठ्याच्या कोस्टरवर पेन्सिलीने रेघ मारली आणि गेला. मला वाटलं, काय अगत्य आहे! दुसरा संपवला. तिसरा आला. समोरचा इतक्या प्रेमाने ठेवतोय तर नाही कसं म्हणायचं? आणि ग्लासात टाकून उठायचं नाही, हे लहानपणापासूनचं वळण. तो ठेवत गेला, मी संस्कार पाळत गेलो. पाचव्या ग्लासाला मी हाताने 'पुरे' अशी खूण केली. त्याला ती 'आण' अशी वाटली असावी. सातव्याला मी त्याची नजर चुकवायला लागलो. त्याला माझी नजर नकोच होती, त्याचं लक्ष फक्त रिकाम्या ग्लासाकडे.

नववा ग्लास संपला तेव्हा बायकोने शांतपणे कोस्टर उचललं आणि माझ्या ग्लासाच्या तोंडावर ठेवलं. वेटर आला, रेघा मोजल्या आणि बिल ठेवून गेला.

"बस्स? एवढंच करायचं होतं?"

"हो. कोस्टर ठेवलं नाही तर ते आणतच राहतात. पुस्तकात लिहिलंय."

"तू कधी वाचलंस?"

"तुझ्या दुसऱ्या ग्लासाला. मला वाटलं तुला माहीत आहे. तुला बिअर कळते ना?"

नऊ ग्लास म्हणजे एक लिटर आठशे मिली. हा हिशेब मी दुसऱ्या दिवशी दुपारी केला, त्याआधी तो जमण्यासारखा नव्हता.

त्याच प्रवासात बांबेर्ग झालं. तिथे माल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडांवर, धुरात वाळवतात, आणि तो धूर थेट बिअरच्या चवीत उतरतो. पहिला घोट घेतला की जळत्या शेकोटीचं कुणी पन्हं करून दिल्यासारखं वाटतं. तिसऱ्या ग्लासापर्यंत धीर धरला तर आवडायला लागते, असं म्हणतात. मला तिसऱ्याला आवडली. इतकी, की दोन बाटल्या घरी आणायचं ठरवलं. विमानात हातातल्या सामानात 100 मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नव्हती, म्हणून त्या मोठ्या बॅगेत गेल्या, प्रत्येकीला तीन-तीन मोजे घालून. उरलेला प्रवास मी पायात एकच जोड घालून केला. सामानाच्या पट्ट्यावर बॅग येईपर्यंत जो जीव टांगणीला लागला होता, तसा माझ्या कुठल्याच परीक्षेच्या निकालाला लागला नव्हता.

घरी एका संध्याकाळी पहिली बाटली उघडली. ग्लास तिरका धरून हलक्या हाताने ओततोय, तोच आतून बायकोचा आवाज आला, "अरे, कुठेतरी वायर जळतेय!" मी काही बोलेपर्यंत तिने मेन स्विच खाली केला होता. अंधारात बिअर ग्लासातून हातावर, हातावरून सोफ्यावर. तो सोफा पुढे आठवडाभर बांबेर्गला होता.

घरच्या फ्रिजचीही एक कहाणी आहे. खालच्या कप्प्यात माझी खास बाटली होती, ब्रुसेल्सहून आणलेली ग्योझ. ही बिअर करायला यीस्ट घालतच नाहीत. थंडीच्या दिवसांत उकळलेलं पाणी-धान्याचं सत्त्व उथळ, उघड्या भांड्यात रात्रभर गार होऊ देतात, आणि हवेतलं जंगली यीस्ट आपणहून त्यात येऊन बसतं. मग ते लाकडी पिंपांत मुरतं. एक वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची एकत्र करून बाटलीत भरतात, वर शॅम्पेनसारखं बूच. चव लिंबासारखी आंबट. मी ती योग्य प्रसंगासाठी आणखी दोन वर्षं राखून ठेवली होती. योग्य प्रसंग म्हणजे नेमका कुठला, हे ठरत नव्हतं. एका रविवारी मी बाहेरून आलो तर मेहुणा सोफ्यावर टीव्ही बघत बसलेला.

"भाऊजी, तुमची ती फ्रिजमधली बाटली उघडली होती. पण आंबून गेली होती हो पार. दिली ओतून सिंकमध्ये. तुम्ही प्यायला असतात तर पोट बिघडलं असतं."

मी खुर्चीत बसलो. मोरीत बिअर ओतण्याला तसा थोर इतिहास आहे. 1838 साली आजच्या चेकियातल्या पिल्सेनच्या नागरिकांनी गावातली बिअर खराब आहे म्हणून तब्बल 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. त्यातून नवी ब्रुअरी उभी राहिली, आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला, आणि 1842 मध्ये त्याने जगातली पहिली सोनेरी पिल्सनर काढली. हे मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघा, म्हणजे ओतून दिली तेच बरं झालं." आमच्या सिंकमधून अजून काही निघालेलं नाही.

तरी मी हरलो नाही. मागच्या महिन्यात मेहुण्याला मुद्दाम बोलावलं. चार निरनिराळ्या बिअर, चार आकारांचे ग्लास, सगळं मांडलं. स्टाउट फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवली, कारण फार गार असली की तिचा भाजका, कॉफीसारखा सुवास दबून जातो. हे सांगितलं. तपकिरी बाटली का चांगली, तर हॉप्समधल्या द्रव्यांवर उजेड पडला की बिअरला घाण वास सुटतो आणि तपकिरी काच तो उजेड बऱ्यापैकी अडवते. हेही सांगितलं. मग 1516 चा बव्हेरियाचा कायदा काढला: बिअरमध्ये फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स. "यात काय राहिलं, ओळखा?" मेहुण्याने ग्लासाकडे बघितलं. फेस केव्हाच बसला होता. "यीस्ट!" मी म्हणालो. "कायद्यात नाव नाही! ते नेमकं काय काम करतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं! ते पुढे पाश्चरने, 1876 मध्ये त्याचा बिअरवरचा ग्रंथ आला, त्यात..."

"भाऊजी, प्यायची का आता?"

"एक मिनिट. मग 1883 मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट..."

बायको स्वयंपाकघरातून आली. टीपॉयवरचं एक कोस्टर उचललं आणि माझ्या ग्लासावर ठेवून दिलं.

मेहुण्याने एकदा तिच्याकडे, एकदा ग्लासाकडे बघितलं. "माशी पडू नये म्हणून ना, ताई?"

"हो," ती म्हणाली. "तू पी."