रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला काहीही विकलं नव्हतं

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, वाजवणाऱ्या गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरत फिरत येतो. त्याचा सारांश असा: मिसिसिपीतल्या या पोराला गिटार धड धरता येत नव्हती. एका मध्यरात्री तो चौरस्त्यावर गेला, सैतानाला आत्मा विकला आणि रातोरात थोर वादक झाला. हे त्याने स्वतःच्या गाण्यात कबूल केलंय. २७व्या वर्षी सैतानाने वसुली केली. तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं, पुढे ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने त्याला शोधून काढलं. शिवाय त्याचं गाणं नासाने अंतराळात पाठवलंय.

यात खरं एवढंच की तो मिसिसिपीचा होता, सुरुवातीला वाईट वाजवायचा आणि २७व्या वर्षी गेला.

कबुलीचं आधी बघू, कारण ती तपासायला तीन मिनिटं पुरतात. ‘क्रॉस रोड ब्लूज’ नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनियोच्या गंटर हॉटेलात रेकॉर्ड झालं. त्यात माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकतो आणि दया मागतो ती देवाकडे. मग गाड्यांना हात करतो, कुणी थांबत नाही. सूर्य कलतोय आणि इथे आपल्याला ओळखणारं कुणी नाही. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत अंधार पडल्यावर परक्या मुलखात अडकलेल्या एकट्या काळ्या माणसाला कशाची धास्ती असायची, हे समजायला सैतानाची गरज नाही. सैतान येतो तो त्याच्या १९३७च्या डॅलसमधल्या गाण्यांत, पण सौदा तिथेही नाही. आणि चर्चला जाणारी मंडळी ब्लूजलाच सैतानाचं संगीत म्हणायची, त्यामुळे ब्लूजवाल्यांच्या गाण्यांत सैतान अधूनमधून हजेरी लावायचाच.

चौरस्त्यावरच्या सौद्याची गोष्ट मुळात टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच ब्लूज गायकाची. रॉबर्टशी त्याचं काही नातं नव्हतं. टॉमीच्या भावाने ती डेव्हिड इव्हान्स या संशोधकाला सांगितली. आडनाव एक, राज्य एक. मग ती जास्त नावाजलेल्या जॉन्सनच्या खात्यावर जमा झाली.

‘रातोरात’चं प्रकरण जास्त मजेशीर आहे, कारण इथे एक खरा साक्षीदार आहे. सन हाउस आणि विली ब्राउन हे ब्लूज वादक शनिवारी रात्री नाचगाण्याच्या अड्ड्यांवर वाजवायचे. ते दम खायला बाहेर गेले की पोरगेला रॉबर्ट त्यांची गिटार उचलायचा आणि असा काही गोंगाट करायचा की लोक बाहेर येऊन तक्रार करायचे. मग तो गायब झाला. परतला तेव्हा त्याचं वाजवणं ऐकून दोघे थक्क झाले. हाउसची ही आठवण पुढे छापून आली आणि दंतकथेला पाय फुटले.

मधल्या काळात, अभ्यासकांच्या हिशेबाने एक ते दोन वर्षं, रॉबर्ट आपल्या जन्मगावाकडे, हेझलहर्स्टच्या परिसरात होता. तिथे त्याला आइक झिमरमन हा गिटारवादक भेटला. रॉबर्ट त्याच्या घरी राहिला आणि त्याच्याकडून शिकला. आपल्याकडे याला गुरुघरी राहून तालीम घेणं म्हणतात आणि त्यात कुणाला चमत्कार दिसत नाही. झिमरमन त्याला रात्री दफनभूमीत सरावाला न्यायचा. झिमरमनच्या मुलीने पुढे याचं कारण सांगितलं ते अगदी साधं: तिथे शांतता असते, कुणी हटकत नाही. अफवेला मात्र एवढं भांडवल पुष्कळ झालं.

शिवाय त्याला ग्रामोफोनचा कान होता. लेरॉय कार, कोकोमो अर्नोल्ड, स्किप जेम्स, लॉनी जॉन्सन यांच्या तबकड्यांतून त्याने काय काय उचललं ते आज दाखवता येतं. ‘स्वीट होम शिकागो’मागे अर्नोल्डचं गाणं सरळ ऐकू येतं. पियानोवाल्याचा डावा हात जे करतो ते त्याने खर्जाच्या तारांवर बसवलं आणि वरच्या तारांवर गाण्याला उत्तरं दिली. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, दोन गिटारी वाजताहेत. जॉन्सनची २९ गाणी आहेत आणि काहींचे दोन-दोन टेक, म्हणजे एकच गाणं दोनदा रेकॉर्ड केलेलं, मिळून ४२ ध्वनिमुद्रणं उरली आहेत. हे जोडटेक लागोपाठ ऐका. बऱ्याच ठिकाणी दोन्ही इतके जुळतात की जागा न् जागा आधी घोटून ठेवलेली होती हे कळतं. आणि ही विद्या त्याने रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर या ब्लूज वादकाला शिकवली, ज्याने ती २००६पर्यंत वाजवली. सैतानाकडून मिळालेलं वरदान पुढे असं शिकवता येतं का, हे मजकूर पाठवणाऱ्यांनी सांगावं.

मृत्यूबद्दल थोडक्यात. १६ ऑगस्ट १९३८ला ग्रीनवुडजवळ तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरचं नाव नाही. दाखल्याच्या मागे जमीनमालकाचा सिफिलिसचा अंदाज नोंदवलेला आहे, तर सोबतच्या वादकांच्या मते एका मत्सरी नवऱ्याने व्हिस्कीत विष घातलं. फिरत्या काळ्या वादकाच्या मरणाची चौकशी करायला तिथे कुणाला सवड नव्हती, म्हणून कारण अधांतरी राहिलं.

उरला क्लॅप्टन. रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने डिसेंबर १९३८च्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमासाठी जॉन्सनला शोधलं, तर तो गेल्याचं कळलं. शेवटी मंचावर त्याच्या तबकड्या वाजवल्या. तेव्हा क्लॅप्टन जन्मालाही यायचा होता. १९५१मध्ये ब्लूज वादक एल्मोर जेम्सने जॉन्सनचंच गाणं ‘डस्ट माय ब्रूम’ म्हणून रेकॉर्ड केलं आणि ते गाजलं. जॉन्सनची गाणी एकत्र आलेली एलपी निघाली १९६१मध्ये, तेव्हा क्लॅप्टन सोळा वर्षांचा होता. क्लॅप्टनने त्याला जगभर नेलं हे खरंच, पण शोधून काढलं म्हणजे काळ्या वादकांना तो माहीतच नव्हता असं धरून चालावं लागेल.

आणि नासाच्या व्हॉयेजर यानावरचं गाणं ब्लाइंड विली जॉन्सनचं आहे, १९२७चं. हा आणखी एक जॉन्सन. तो आयुष्यभर देवाचीच गाणी गायला, त्याला तरी या भानगडीत ओढू नका.