ट्यूब दारातच ठेवा, पण पुढं काय?

रिसॉर्टच्या स्विमिंग पूलमध्ये मुलांच्या हवेच्या ट्यूबा नेऊ द्याव्यात की नाही, यावरून या उन्हाळ्यात आमच्या बेळगावकडच्या नातेवाइकांत चांगलीच जुंपली. सगळे मिळून जांबोटीकडच्या एका रिसॉर्टात गेले होते. तलावाच्या दारातच मुलांच्या ट्यूबा, हवेचं बदक आणि फुगवायची गादी काढून ठेवायला सांगितली. अण्णांचं म्हणणं, "माणशी एवढे पैसे भरून आत गेलोय, आणि पोरांनी नुसतं कडेला बसून पाय हलवायचे काय?" वहिनींचं म्हणणं वेगळं होतं: "ट्यूब होती म्हणून तर मी बिनघोर होते. ती काढल्यावर पोराला पाण्यात सोडायचं कसं?" धाकट्या चुलतभावानं उलट बाजू घेतली. परदेशात असल्या वस्तू चालतच नाहीत, रिसॉर्टनं केलं ते बरोबरच. मग सगळे माझ्याकडं वळले. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते, तर तिकडं काय करतात ते तू सांग. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथं लिहिते आहे.

रिसॉर्टचा नियम मला पटतो. पण "परदेशात असंच असतं" हे त्याचं कारण मला पटत नाही. इथला नियम ज्या पायावर उभा आहे, तो पाया आज आपल्याकडं नाही.

या देशाची साधारण पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. घराच्या मागं कालवा, शाळेच्या वाटेवर कालवा. त्यामुळं पोहणं हा इथं छंद मानत नाहीत. मुलं पाच-सहा वर्षांची झाली की वर्गाला जाऊ लागतात आणि ए, बी, सी अशा तीन पातळ्यांच्या परीक्षा देतात. पहिल्या परीक्षेतच मुलाला अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पोहून दाखवावं लागतं. काठापासून तीन मीटर अंतरावर पाण्यात एक ताडपत्री उभी सोडलेली असते आणि पाण्याखालून जाऊन तिच्या भोकातून पलीकडं निघायचं असतं. कपडे घालून का? तर मूल कालव्यात पडेल तेव्हा पोहण्याच्या पोशाखात नसेल. एवढा सरळ विचार.

आता तलावातला नियम बघा. ज्या मुलाकडं प्रमाणपत्र नाही, त्यानं दंडावर हवेच्या पट्ट्या बांधायच्या आणि मोठ्या माणसानं त्याच्यासोबत पाण्यात उतरायचं, असं बहुतेक ठिकाणी असतं. म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या वस्तूंवर इथं सरसकट बंदी नाही, उलट काही मुलांना त्यांची सक्तीच आहे. मोठी फुगवलेली खेळणी मात्र एरवी आत येत नाहीत. खास खेळाच्या वेळेत तलावाची माणसंच ती पाण्यात सोडतात, आणि तेव्हाही पोहता येणाऱ्या मुलांनाच त्यांवर चढू देतात. युरोपात पोहायला शिकताना वापरायच्या साधनांना ईएन १३१३८ हे वेगळं मानक आहे. पाण्यातल्या खेळण्यांवर तर इशारा छापावाच लागतो: मुलाचे पाय तळाला टेकतील एवढ्याच पाण्यात आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावं. गोव्याच्या वाटेवरच्या दुकानांत टांगलेल्या रंगीत ट्यूबा नीट उलटून पाहिल्यात, तर त्यांतल्या पुष्कळांवर बारीक इंग्रजीत लिहिलेलं आढळेल की हे जीव वाचवण्याचं साधन नाही. वहिनी ज्या वस्तूच्या भरवशावर बिनघोर होत्या, ती वस्तू स्वतःच सांगत होती की माझ्यावर भरवसा ठेवू नका.

ट्यूब का धोक्याची, हे रिसॉर्टच्या माणसानं दारात सांगितलं असतं तर निम्मं भांडण तिथंच मिटलं असतं. काखेत अडकवलेली ट्यूब मुलाला पाण्यात उभं ठेवते, डोकं वर आणि पाय खाली लोंबते. मूल पुढं झुकलं की ट्यूब कमरेकडं सरकते, तोल जातो आणि मूल उलटं होतं. डोकं पाण्यात, पाय वर, आणि कंबर ट्यूबमध्ये अडकलेली. स्वतःहून सरळ होणं लहान मुलाला जमत नाही. दोन्ही हात वर केले तर ते ट्यूबमधून खालीही निसटतं. वारा असेल तर ट्यूब उथळ बाजूकडून खोल बाजूला सरकत जाते, आणि मुलाला ते कळतही नाही. गादी आणि बदकाची गोष्ट आणखी वेगळी. ती पाण्यावर पसरली की तिच्याखाली काय चाललंय ते काठावरून दिसत नाही. लाईफगार्डना एक सोपी मोजणी शिकवतात: दहा सेकंदांत आपल्या वाट्याच्या सगळ्या पाण्यावरून नजर फिरायला हवी, आणि कुणी अडचणीत दिसलं तर पुढच्या वीस सेकंदांत तिथं पोहोचायला हवं. पाच-सहा गाद्या तरंगत असतील तर ती नजर तळापर्यंत जातच नाही. बुडणारं मूल ओरडतही नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला वेळच नसतो.

तान्ह्या बाळांच्या गळ्यात घालायच्या हवेच्या कड्यांबद्दल तर चर्चाही नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ साली त्यांबद्दल पालकांना सावध केलं होतं. ऑनलाइन दिसली तरी घेऊ नका.

मला खरं बोलायचंय ते भोपळ्याबद्दल. खानापूर तालुक्यात आमच्या पिढीपर्यंतची पोरं विहिरीत पोहायला शिकली ती पाठीला वाळलेला भोपळा बांधून. कुणाकडं पत्र्याचा हवाबंद डबा, कुणाकडं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तुकडे. ते पाठीला, कमरेच्या वर बांधायचे. त्यानं पाठ वर उचलली जाते, अंग पाण्यावर आडवं होतं, आणि हातपाय मारल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. म्हणजे ट्यूबच्या बरोबर उलटं. ट्यूब मुलाला बुडणाऱ्याच्या ढबीत उभं धरते, भोपळा त्याला पोहणाऱ्याच्या ढबीत आडवं घालतो. शिवाय काठावर काका किंवा मोठा भाऊ दोर धरून उभा असायचा. भोपळा कधी काढायचा, हे तोच ठरवायचा. इथल्या मानकात जे लिहिलंय, की हे साधन शिकण्यापुरतं आहे, खेळणं नव्हे, आणि शेजारी जाणतं माणूस हवं, ते आमच्या विहिरीवर कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण पाळलं जात होतं.

हे सांगताना मला जुन्या दिवसांचं गुणगान करायचं नाही. त्या विहिरींनी पोरं घेतलीही आहेत, आणि मुलींच्या पाठीला भोपळा क्वचितच बांधला गेला. पण ती शिकवण गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही, हे मला फार लागतं. बोअरवेल आल्या, विहिरी आटल्या किंवा वापरातून गेल्या. घरं टिळकवाडी आणि अनगोळच्या फ्लॅटात गेली. बेळगावात तरणतलाव आहेत, तिथून चांगले जलतरणपटूही तयार झाले. पण आमच्या नातेवाइकांतल्या बहुतेक मुलांचा पाण्याशी संबंध येतो तो वर्षाकाठी रिसॉर्टातल्या एक-दोन दिवसांपुरता. त्या दोन दिवसांत त्यांना पोहायला कोण शिकवणार? म्हणून ट्यूब येते. न शिकवलेल्या पोहण्याची जागा ती भरून काढते आहे.

आकड्यांकडं बघितलं की याचं गांभीर्य कळतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून जास्त माणसं बुडून गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगभरात हा आकडा तीन लाखांच्या घरात होता. आणि आपल्या भागातल्यांना वेगळी आठवण करून द्यायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावच्या चार मुली चंदगड तालुक्यातल्या किटवाडच्या धबधब्यावर बुडाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंगळूरजवळच्या एका रिसॉर्टच्या तलावात म्हैसूरच्या तीन तरुणी बुडून गेल्या. तलावावर लाईफगार्ड नव्हता आणि पाण्याची खोली लिहिलेली नव्हती, असं तेव्हा समोर आलं. मालक आणि व्यवस्थापकाला अटक झाली, रिसॉर्टला टाळं लागलं. तिथं समोर आलेल्या या त्रुटी ट्यूबच्या पलीकडच्या होत्या. म्हणून ट्यूब काढून घेतली म्हणजे तलाव सुरक्षित झाला, असं कुठल्याही रिसॉर्टनं समजू नये.

इथलं सगळं सुरळीत आहे असंही नाही. नेदरलँड्समध्ये शाळेतलं पोहणं १९८५ पर्यंत सक्तीचं होतं. ती सक्ती गेली आणि हळूहळू खर्च आईबापांवर आला. तिन्ही पातळ्या पुऱ्या करायला काही शे युरो सहज जातात. त्यामुळं कमी उत्पन्नाच्या घरांतली आणि बाहेरून आलेल्यांची मुलं मागं राहतात, आणि ती चिंता इथं उघडपणे बोलली जाते. आपली भारतीय कुटुंबंही त्यांत येतात. मोठ्या वयात इथं आलेल्या कितीतरी आया मुलाला वर्गाला सोडतात आणि स्वतः काचेबाहेर बसून राहतात.

त्या काचेबाहेर बसण्यावरूनच मला वहिनींचं बोलणं पुन्हा आठवतं. रिसॉर्टच्या नियमात आणखी एक ओळ असते, नायलॉनचा पोशाख असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. सुती कपड्याचे धागे गाळणीत अडकतात, तेव्हा नियमाला कारण आहे. पण त्याचा परिणाम काय होतो बघा. आक्का, वहिनी, आत्या सगळ्या पंजाबी ड्रेस किंवा साडी सावरत कठड्यावर बसतात. पुरुषमंडळी एकतर खोल बाजूला मुटके मारतात, नाहीतर जेवणाच्या शेडमध्ये असतात. पाच वर्षांच्या पोराजवळ पाण्यात कुणीच नसतं. आईचे हात तिथं पोहोचू शकत नाहीत, म्हणून आई ट्यूब पाठवते. वहिनींचा प्रश्न हट्टाचा नव्हता. त्यांना पाण्यात उतरायची वाटच कुणी ठेवली नव्हती. रिसॉर्टनं पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे नायलॉनचे पोशाख सगळ्या मापांत भाड्यानं ठेवले, बायकांना अवघडल्यासारखं होणार नाही अशी सकाळची एक वेळ राखली, तर मुलापासून हातभर अंतरावर मोठं माणूस असणं खरंच शक्य होईल. ट्यूबबंदीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल, असं मला मनापासून वाटतं. ट्यूबच्या जागी मुलांच्या मापाची, दोन पायांमधून पट्टा येणारी लाईफ जॅकेटं काउंटरवर मिळायला हवीत, आणि त्यांचं वेगळं भाडं लावू नये. बाहेरून खेळणं आणायचंच असेल, तर १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. तो असला तरी ते खेळणंच, एवढं लक्षात ठेवून.

फलकांबद्दल दोन शब्द बोलावेच लागतील, कारण आमच्याकडं फलक म्हटला की लगेच भाषेचा वाद उभा राहतो. त्या वादात माझी बाजू आहे आणि ती मी लपवत नाही, मराठी माणसाला त्याच्या भाषेत सूचना मिळायला हवी. पण तलावाच्या काठावर कोल्हापूरचे, गोव्याचे, हुबळीचे, निपाणीचे लोक एकत्र असतात आणि सहा वर्षांच्या मुलाला कुठलीच लिपी धड येत नसते. तिथं खोली फुटांत मोठ्या आकड्यांनी काठावरच रंगवा, तळाचा उतार सुरू होतो तिथं लाल पट्टा मारा आणि दोरी बांधा, ट्यूबचं चित्र काढून त्यावर फुली मारा. एवढ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. परवाना देताना ग्रामपंचायतीनं आणि पर्यटन खात्यानं मात्र हे बघायला हवं, आणि लाईफगार्ड नेमलाय का तेही.

अण्णांना मी शेवटी एवढंच कळवलं की पुढच्या वेळी रिसॉर्ट ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: सर्वांत खोल पाणी किती फूट, लाईफगार्ड सकाळी किती ते संध्याकाळी किती, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या जागी कोण असतं. तिसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस गप्प झाला, असं त्यांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सरळ उत्तर मिळालं, की दुपारी एक ते दोन तलाव बंदच ठेवतो. त्यांनी तिथलं बुकिंग केलंय.