डेम्प्सीच्या नावावर खपवला जाणारा ठोसा

बॉक्सिंगबद्दलचा एक दावा फार फिरतो. सांगणारा त्याला आपापलं तिखट-मीठ लावतो, पण गाभा असा:

“जुन्या काळचे बॉक्सर नुसत्या सरळ ठोशाने माणूस आडवा करायचे. गुपित एवढंच, की मूठ उभी धरायची, पुढचा पाय उचलायचा आणि अंगाचा भार पुढे पडू द्यायचा. ताकद लागत नाही, वजन लागत नाही, गुरुत्वाकर्षणच सगळं काम करतं. ग्लोव्ह्ज आले आणि ही विद्या बुडाली. जुन्या फोटोंतला पैंतरा घ्या, म्हणजे कळेल. आजच्या कोचना हे माहीतच नाही.”

यातला मधला तुकडा अस्सल आहे. पुढचा पाय उचलून अंग पुढे पडू देत ठोसा मारायचा, हे ‘पडतं पाऊल’ खरं तंत्र आहे, मी ते कित्येक वर्षं घोटलंय आणि अजून घोटतोय. म्हणूनच त्याला चिकटवलेल्या थापांची जास्त चीड येते.

ग्लोव्ह्जपासून सुरू करू, कारण तिथे साधी सालंसुद्धा जुळत नाहीत. या दाव्याचा हिरो नेहमी जॅक डेम्प्सी हा अमेरिकन हेवीवेट विश्वविजेता असतो. ते रास्तही आहे. 1950 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात हे पडतं पाऊल त्याने हाताला धरून शिकवावं तसं मांडलंय. पण ग्लोव्ह्ज, 3 मिनिटांची फेरी आणि 1 मिनिटाची विश्रांती सांगणारे क्वीन्सबेरी नियम छापले गेले 1867 मध्ये आणि डेम्प्सी जन्मला 1895 मध्ये. हेवीवेट किताब त्याने जिंकला, राखला आणि गमावला, तो ग्लोव्ह्ज घालूनच. ग्लोव्ह्जमुळे विद्या बुडाली असेल, तर ग्लोव्ह्जवाल्याने ती शिकवली कशी?

डेम्प्सीच्या आधीच्या उघड्या मुठींच्या लढती 1838 च्या लंडन नियमांनी आणि पुढे त्यांच्या सुधारित आवृत्तीने चालत. त्यात प्रतिस्पर्ध्याला कमरेच्या वर धरून फेकायला मुभा होती. कुणीही खाली गेला की फेरी संपे, मग 30 सेकंदांची विश्रांती. 8 जुलै 1889 ला सुलिव्हन आणि किलरेन यांची लढत 75 फेऱ्या चालली, हा आकडा ऐकून लोक भारावतात. एकेक फेरी किती लांब असायची हे मात्र कुणी विचारत नाही. दोन तासांहून थोड्या जास्त वेळात 75 फेऱ्या बसवायच्या, तर विश्रांती धरून फेरीच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. आणि एका ठोशात माणूस आडवा होण्याचा तो काळ असता, तर 75 फेऱ्या झाल्याच नसत्या.

उघड्या मुठीने डोक्यावर पूर्ण जोर काढणं म्हणजे स्वतःचाच हात पणाला लावणं. कपाळाचं हाड आणि बोटांची हाडं यांच्या भांडणात बोटं हरतात. म्हणून त्या काळी शहाणा माणूस बरगड्यांखाली, गालावर, जबड्याच्या कडेला नेमका मारायचा आणि हात राखून मारायचा. ग्लोव्ह्ज आणि त्याखालचं बँडेज यांनी हात सांभाळला, मग डोक्यावर जीव तोडून मारणं परवडू लागलं. ज्याला लोक ‘जुना जबर ठोसा’ म्हणतात तो असा ग्लोव्ह्जच्या काळात वाढलेला आहे.

फोटोंतला पैंतरा? छाती मागे, दोन्ही हात लांब पुढे, मुठी वर वळलेल्या. त्यातले बरेच फोटो स्टुडिओत पोज देऊन काढलेले आहेत. हात लांब ठेवण्याचं खरं कारण म्हणजे समोरचा अंगाशी येऊन धरायला बघायचा, त्याला लांब थोपवावं लागायचं. आज कुणी तुम्हाला कमरेच्या वर धरून फेकणार नसेल, तर तो पैंतरा घेऊन तुम्ही फक्त आपली हनुवटी उघडी टाकता.

आता “नुसत्या सरळ ठोशाने”. पुराव्यादाखल 4 जुलै 1919 ची टोलेडोची लढत दाखवतात. साधारण 85 किलोच्या डेम्प्सीने 111 किलोच्या, त्याच्यापेक्षा बऱ्याच उंच जेस विलार्डला, म्हणजे तेव्हाच्या विश्वविजेत्याला, पहिल्या फेरीत सात वेळा खाली पाडलं. लढतीचं चित्रीकरण आहे, जरूर बघा. पण हात मोजत बघा. विलार्ड पहिल्यांदा खाली गेला तो डाव्या हूकने (कोपर वाकवून बाजूने फिरवलेल्या ठोशाने), आणि पुढेही जागोजाग हूकच दिसतात. सरळ ठोशावर डेम्प्सीचा फार जीव होता हे खरं, पण रिंगमध्ये उतरल्यावर समोर जी फट दिसेल तिथे जो हात बसेल तो त्याने घातला. उलट त्याच्या कारकिर्दीत सरळ ठोशाचा खरा धडा त्याला जीन टनी या प्रतिस्पर्ध्याने दिला, 1926 मध्ये आणि पुन्हा 1927 मध्ये. दोन्ही वेळा 10 फेऱ्या, दोन्ही वेळा निकाल गुणांवर. टनी अंतर राखून सरळ हात टाकत राहिला, डेम्प्सी पोचेपर्यंत तो तिथून निघालेला असायचा. दुसऱ्या लढतीत सातव्या फेरीत डेम्प्सीने त्याला एकदा पाडलं, लढत मात्र गेलीच.

गुरुत्वाकर्षणाचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात अर्धं खरं दडलेलं आहे. पुढचा पाय उचलताना अंगाचा मध्य समजा 5 सेंटिमीटर खाली आला. मोकळं पडणं धरलं तरी त्यातून येणारा वेग सेकंदाला जेमतेम 1 मीटर. सरावलेल्या बॉक्सरची मूठ सेकंदाला 8-9 मीटरच्या आसपास धावते. म्हणजे नुसतं पडणं फार काही देत नाही, हा हिशेब कुणीही कागदावर करू शकतो. शिवाय उभा माणूस काही दगडासारखा सरळ खाली पडत नाही, तो मागच्या पायाच्या आधाराने पुढे कलतो. त्या कलण्याला पुढे ढकलायचं काम मागचा पायच करतो.

मग पडत्या पावलाचा उपयोग काय? मुठीमागे अख्खं अंग जोडलेलं राहतं. हात एकटा धावला तर लक्ष्यावर आपटल्यावर थांबतो. खांदा, धड आणि मागचा पाय त्याच दिशेने येत असतील, तर तो थांबायला तयार नसतो. डेम्प्सी स्वतःही नुसत्या पडण्यावर समाधानी नव्हता. अंगाचा भार हलवायचे मार्ग म्हणून पुढे पडण्याबरोबरच त्याने पुढे झेपावणं, खांदे फिरवणं आणि खालून वर उसळणं हेही सांगितलंय. ‘गुरुत्वाकर्षणच सगळं करतं’ हे वाक्य त्याच्या तोंडी घालणाऱ्यांनी त्याचं पुस्तक पुढचं पान उलटून वाचलेलं दिसत नाही.

आणि यातली सगळी मेख वेळेत आहे. पुढचं पाऊल जमिनीला टेकण्याआधी मूठ लागली पाहिजे. पाऊल आधी टेकलं की भार तिथून जमिनीत जातो, आणि सरावाच्या टांगलेल्या बॅगला मिळतो नुसता हात. मला हे डोळ्यांनी कधी कळलं नाही, कानांनी कळलं. रिकाम्या हॉलमध्ये जड बॅगवर सराव करताना दोन आवाज येतात, बुटाचा ‘ठप’ आणि बॅगचा ‘धप’. पहिले कित्येक महिने माझा ‘ठप’ आधी यायचा. बॅग हलायची, झुलायची, मला वाटायचं जमलं. एके दिवशी ‘धप’ आधी आला, त्याच्या पाठोपाठ, जवळजवळ चिकटून, ‘ठप’. बॅग झुलली नाही, मध्येच दुमडल्यासारखी झाली आणि साखळी वरून खडखडली. त्यानंतर दहा प्रयत्न केले, दहाही फसले.

दुसरी खोड मोडायला याहून जास्त वेळ लागला. पाय उचलायचा म्हटलं की नवशिक्या आधी मागे झुकतो, भार मागच्या पायावर घेतो, मग पुढे पडतो. डेम्प्सीने नेमकं हेच टाळायला सांगितलंय. भार आधीच पुढच्या पायावर हवा, पाय उचलला की अंग पडायलाच हवं, मध्ये काही नको. ती मागची डुलकी दिसली की समोरच्याला आगाऊ पत्र पोचलं.

उभ्या मुठीबद्दल इतकं ठामपणे का बोलतात, मला कळत नाही. कोपर खाली, अंगठा वर, समोरच्याने तोंडापुढे धरलेल्या हातांच्या (गार्डच्या) फटीतून आत सरकायला उभी मूठ छान. जवळच्या अंतरावर मी तीच वापरतो. पण हात पूर्ण लांब जाईल तेव्हा मूठ आडवी वळली की खांदा आपोआप वर येऊन हनुवटी झाकतो. ही सोय उभ्या मुठीत तितकी मिळत नाही.

कुठल्या बोटावर मार घ्यायचा, हा वाद तर जुनाच आहे. डेम्प्सी अनामिकेच्या उंचवट्यावर नेम धरायला सांगतो, म्हणजे खालची तीन बोटं भार घेतात. शरीररचना मात्र वेगळं काही सांगते. तर्जनी आणि मधल्या बोटाची तळहातातली हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात, अनामिका आणि करंगळीची हलतात. ठोसा मारून हात मोडतो तेव्हा बहुतेक वेळा करंगळीचंच तळहातातलं हाड उंचवट्याच्या जरा खाली मोडतं, आणि डॉक्टर लोकही त्याला बॉक्सरच्याच नावाने ओळखतात. मी बँडेज न बांधता ‘जुन्या पद्धतीने’ बॅगवर अनामिकेचा प्रयोग केला होता. हाड मोडलं नाही, पण तळहाताची ती बाजू सुजली आणि कित्येक आठवडे पाण्याची बाटली उघडताना तोंड वाकडं व्हायचं. चूक पद्धतीची होती की माझ्या वाकलेल्या मनगटाची, याचा निवाडा मी अजून करू शकलेलो नाही. मनगटाचीच असावी.

“वजन लागत नाही” यावर एवढंच, की वजनी गट हौसेने केलेले नाहीत. विलार्डपुढे लहान दिसणारा डेम्प्सी 85 किलोचा होता.

राहिला कोचना न कळण्याचा मुद्दा. पाऊल टाकत मारलेला जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) कुठल्याही बॉक्सिंग हॉलमध्ये बघायला मिळतो, नाव वेगळं असेल इतकंच. पूर्ण भार झोकून दिलेला ठोसा पहिल्या महिन्यात शिकवत नाहीत, त्याचं कारण चुकल्यावर कळतं. समोरचा बाजूला सरकला तर तुमचं अंग हवेत, पाय अजून टेकलेला नाही, आणि त्याच्या उलट्या हाताला तुमचा स्वतःचा वेग आयता मिळतो. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, मी हे एकदा केलं. माझा ठोसा त्याच्या कानाच्या बाजूने गेला आणि समोरच्याने फक्त हात पुढे धरून ठेवला. मारलं असं म्हणता येणार नाही, मीच त्यावर जाऊन आपटलो. कोच दोरीला टेकून बघत होते. डेम्प्सीचं नावही न घेता एवढंच म्हणाले, “पडलास ते बरोबर पडलास. पण आधी त्याला जॅबने जागेवर खिळवायचा होता.”