तीस सेकंद गप्प बसा

सिनेमा करायला पैसा लागतो, असं सगळे सांगतात. पैशाचं जमतं हो. भिंत रंगवायच्या रोलरची ती लांब होणारी काठी असते ना, तिच्या टोकाला माइक बांधला की बूम तयार. थर्माकोलला चंदेरी कागद चिकटवला की रिफ्लेक्टर. कॅमेरा म्हणजे मोबाईल, क्रू म्हणजे मित्र आणि मित्रांचं मानधन म्हणजे मिसळ. त्यातही कट फुकट. पण शिवाजी पेठेतल्या गल्लीत शॉर्ट फिल्म करायची, तर उसनी, भाड्यानं किंवा ओळखीनं कुठंच मिळत नाही ती म्हणजे शांतता.

आमची गोष्ट साधी. एक म्हातारी मुंबईच्या मुलाच्या फोनची वाट बघते. फोन येत नाही. संपलं. म्हातारीच्या कामाला शेजारच्या आक्का. गल्लीचा पहिला प्रश्न, "हिरोईन कोण?" दुसरा, "शॉर्ट का करालायस? पैसं कमी पडलं व्हय?" दुसऱ्या प्रश्नाला मी चहा पाजून गप्प केलं.

कोल्हापुरात शूटिंगचं कुणाला अप्रूप नाही, हीच पंचाईत. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा कॅमेरा घडवला, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यामुळं कट्ट्यावरच्या कुणालाही हटका, त्याच्या आजोबांनी भालजींच्या सिनेमात निदान एक घोडा तरी धरलेला असतो. असे वारसदार माझ्या पाठीमागं उभे राहून "अँगल बदल, लाइट मारतोय" असं टेक चालू असताना सांगत. पेंटरांचं एक बरं होतं, मूकपट. मागं कोण काय बोंबलतंय, फिल्मवर उमटायचा प्रश्नच नाही. पुढं प्रभातनं पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली कोल्हापुरातच केला आणि १९३३ मध्ये सगळं बिऱ्हाड उचलून पुणं गाठलं. अभ्यासक कारणं काहीही सांगोत, माझा संशय वेगळा आहे.

आमचा साउंडवाला मित्र कडक. हेडफोन चढवला की त्याला जगातले फक्त दोष ऐकू येतात. पंखा बंद, मिक्सर बंद, फ्रिज बंद. बंद केलेला फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून साउंडची माणसं आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतात. धंद्यातली जुनी युक्ती आहे. यानं ती आक्कांच्या फ्रिजमध्ये ठेवली, सुकटीच्या डब्यावर. पुढं बरेच दिवस त्याच्या बाईकशेजारी मांजरं बसून असत.

"ॲक्शन" म्हटलं की घंटागाडीचं गाणं. ती गेली की समोरचा कुकर. साउंडवाला डोळे मिटून सांगे, "तूरडाळ हाय, अजून दोन होतील." दोन झाल्या की लांबच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या आणि वर लग्नात शोभतील असले स्पीकर. ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो आणि दिसेनासा झाल्यावरही ऐकू येतो. तोवर आक्कांच्या डोळ्यांतलं पाणी वाळायचं. मग ग्लिसरीन.

सगळ्यात अवघड रूम टोन. शॉट झाल्यावर त्याच जागेची नुसती शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करतात. एडिटमध्ये दोन वाक्यांमधल्या भेगा बुजवायला ती लागते. हे मी गल्लीला समजावून सांगितलं. शेजारचे काका म्हणाले, "गप्पच बसायचं, तर रेकॉर्ड काय करालायस?" याला उत्तर नाही. तरी सहकार्य भरपूर. "ए, गप्प बसा!" "तूच गप्प बस की!" "दोघंबी गप्प बसा!" असे तीस सेकंद माझ्या हार्डडिस्कवर अजून आहेत. शेवटी रात्री तीन वाजता गेलो. रात्री तीन वाजता गल्ली कुत्र्यांची असते, आणि त्यांना रूम टोन कोण समजावणार? सॉफ्टवेअरनं गोंगाट काढून बघितला, तर आक्का पाण्याच्या पिंपातून बोलल्यासारख्या ऐकू यायला लागल्या.

मग शेवटचा शॉट. कधी नव्हे ते सगळं शांत. आक्का खाटेवर, स्टुलावर फोन, ग्लिसरीनशिवाय पाणी. साउंडवाल्यानं अंगठा वर केला आणि न वाजणारा तो फोन वाजला. आक्कांनी उचलला, सवयीनं स्पीकरवर टाकला. पलीकडं कर्ज विकणारा पोरगा.

"किती टक्क्यानं रं?" आक्का.

त्यानं सांगितलं. आक्कांनी त्याचं गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं, लग्नाचं विचारलं. "कर्ज नको, पर मी हितं बसूनच असतो. कर परत फोन." पोरगा "हो मावशी" म्हणाला. मी कट म्हणायचं राहूनच गेलं. आणि तेवढा सबंध वेळ मागं एकही शिट्टी नाही, कुत्रं नाही, ट्रॅक्टर नाही. पटकथा गुंडाळून तोच शेवट ठेवला.

तालमीच्या हॉलमध्ये चादरीवर फिल्म दाखवली. पोराचा आवाज मात्र एडिटमध्ये पुसून टाकला होता. परवानगी कुठली मागणार त्याची? समोरच्या काकू कुकरची शिट्टी आल्यावर "आमचाच!" म्हणून उठून उभ्या राहिल्या. काकांना त्यांच्या दाराचा जुना रंग खटकला. दिवाळीत नवा दिलाय, तेवढं परत काढ म्हणाले. आक्का काहीच बोलल्या नाहीत. लोक पांगल्यावर मला बाजूला घेतलं.

"माझं ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "त्या पोराचं बोलणं का कापलंस? त्याला सांगून बसलोय मी, तू पिच्चरमधी हाईस म्हणून."