‘स्वस्त रेशीम म्हणजे फसवणूक’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचल्यावर आधी तुमच्या ऑर्डरचे कागद काढून पाहिले, पडदे ज्यांनी शिवले त्या कारागिरांशी बोलले आणि मगच लिहायला बसले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: बैठकीच्या खोलीसाठी आमच्याकडून घेतलेल्या डुपियन सिल्कच्या पडद्यांत गाठी आहेत, कापड हाताला हलकं लागतं, सकाळी एक आणि रात्री दुसराच रंग दिसतो, आणि पश्चिमेच्या खिडकीवरचा पडदा एका उन्हाळ्यातच कडेला विरून फाटला. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘परवडणारं रेशीम असं काही नसतंच. सिल्क म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारतात आणि वर अस्तराचा खर्चही लावायला बघतात.’ पैसे परत मिळावेत अशी तुमची मागणी आहे.

हौसेने सजवलेल्या खोलीतला पडदा असा फाटला की जीव हळहळतो, हे मी समजू शकते. पण तुमची ती शेवटची दोन वाक्यं मला मान्य नाहीत. ती वाचून उद्या कुणी रेशीम घेतलं नाही तर एक वेळ चालेल; पण रेशीम घेऊन अस्तर टाळलं तर त्यांच्या पडद्याचंही हेच होईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फाटलेल्या कडेबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत अगदी स्पष्ट दिसतंय: बारीक उभे धागे तुटलेत आणि जाड आडवे धागे मोकळे लोंबतायत. हे कापड ओढलं गेल्यामुळे किंवा शिलाईमुळे फाटलेलं नाही, उन्हाने जळलेलं आहे. रेशमाचा धागा म्हणजे फायब्रॉइन नावाचं प्रथिन. त्यावर अतिनील किरण सतत पडत राहिले की ते हळूहळू तुटायला लागतं. कापड आधी पिवळट पडतं, मग ठिसूळ होतं, आणि एक दिवस पडदा सरकवताना नुसत्या हाताच्या ओढीने उसवल्यासारखं जातं. खिडकी बंद असते म्हणून काही होणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. साधी काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते, पण त्यातला लांब लहरींचा मोठा भाग आत येतोच. त्यात पश्चिमेचं ऊन दुपारनंतर तिरपं, थेट पडद्याच्या अंगावर येतं.

एक गोष्ट घरी करून बघा. तो पडदा काढून जमिनीवर सपाट पसरा. त्यावर फिके आणि गडद असे उभे पट्टे दिसतील. चुणीची जी बाजू काचेकडे फुगलेली होती तिथला रंग उडालेला असेल, आणि जो भाग चुणीच्या आत दडला होता तो जवळजवळ नव्यासारखा असेल. कापड तेच, रंगाई तीच. फरक फक्त उन्हाचा.

आता ‘हे रेशीम नाहीच’ या आरोपाबद्दल. पॉलिस्टर असतं तर एका उन्हाळ्यात त्याची ही दशा झाली नसती. काचेमागच्या उन्हात पॉलिस्टर रेशमापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. तरीही माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पडद्याच्या खालच्या दुमडीच्या आतून एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही दिशांचे धागे घ्या, कारण मिश्र कापडात एका दिशेला रेशीम आणि दुसऱ्या दिशेला भलतंच काही असू शकतं. चिमट्यात धरून, खाली बशी ठेवून, एकेक धागा ज्योतीला लावा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझतं, आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो, तो चुरडत नाही. व्हिस्कोस, म्हणजे ज्याला आर्ट सिल्क म्हणून विकतात ते, कागदासारखं भरभर जळतं आणि वासही कागदाचाच येतो. तुमच्या पडद्याचे दोन्ही धागे रेशमाचे निघतील, याची मला खात्री आहे.

गाठींबद्दल. डुपियनमध्ये जाड-बारीक धागा दिसणारच. ते कापड ओळखायचंच त्यावरून. कधी कधी दोन अळ्या शेजारी शेजारी बसून एकच कोष विणतात. त्या जोडकोषातले दोन धागे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो सलग, एकसारखा उलगडत नाही. सूत मध्येच जाड होतं, मध्येच बारीक. हे सूत आडव्या बाजूने भरलं की कापडावर त्या आडव्या रेघा उमटतात. एकट्या अळीच्या चांगल्या कोषातून कित्येक शे मीटरचा अखंड धागा निघतो आणि त्याचं टाफेटासारखं गुळगुळीत कापड होतं, पण त्याची किंमतही तशीच असते. डुपियन त्याहून परवडतं ते या ओबडधोबड सुतामुळे. रेशीम तेही खरं आणि हेही खरं. मला स्वतःला पडद्यासाठी डुपियनच जास्त आवडतं. त्या रेघांवर उजेड थबकतो आणि मोठी साधी भिंतसुद्धा भरल्यासारखी वाटते.

हलकेपणावरून दर्जा ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोषातून निघालेल्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. तो धुऊन काढला की रेशमाला मऊपणा आणि चमक येते, पण वजन साधारण 20 ते 25 टक्क्यांनी घटतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गेलेलं वजन भरून काढायला रेशमात कथिलासारख्या धातूंचे क्षार मुरवण्याची पद्धत पसरली. कापड जड लागायचं, झोकदार पडायचं, आणि काही वर्षांत आपोआप चिरफाळायचं. जुन्या कपड्यांच्या संग्रहांत अशा चिंध्या झालेल्या रेशमाचे नमुने आजही सांभाळून ठेवावे लागतात. पडद्याला भारदस्तपणा हवा असेल तर तो अस्तराने आणावा, कापडात काही भरून नव्हे.

रंगाचं थोडक्यात सांगते. तुम्ही निवडलेलं कापड धूपछाव आहे, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. त्यात रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असल्यामुळे प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून परततो. दिवसा खिडकीतून येणारा उजेड आणि रात्री छतावरचा पिवळा दिवा यांत ते वेगळं दिसणारच. म्हणूनच कापडाचा तुकडा घरी नेऊन दिवसा आणि दिवे लावून, दोन्ही वेळी बघा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आणि अस्तर. तुमच्या ऑर्डरच्या कागदावर अस्तरापुढे ‘नको’ असं लिहिलेलं आहे. हे मी तुमच्यावर दोष ढकलायला सांगत नाहीये. बिनअस्तराचं रेशीम उजेडात आरपार चमकतं आणि तुम्हाला तोच देखावा हवा होता; तो खरंच सुंदर दिसतो. पण बिल वाढवायला आम्ही अस्तर सुचवतो, हे अजिबात खरं नाही. उन्हाच्या खिडकीवर रेशमी पडद्याचं आयुष्य त्या मागच्या सुती कापडावरच ठरतं. घट्ट विणीचं पांढरट सुती अस्तर ऊन स्वतःच्या अंगावर घेतं, आणि खराब झालं तर ते उसवून नवं लावता येतं. रेशीम मात्र एकदा ठिसूळ झालं की त्याला इलाज नाही. अस्तराचं कापड रेशमाच्या मानाने फारच स्वस्त पडतं. बजेट आखडतं असेल तर मी लोकांना रेशीम कमी घ्या म्हणते, अस्तर कमी करा असं कधीच म्हणत नाही.

अस्तर लावूनही एक जागा उघडी राहते. पडदा मधे जिथे मिळतो, तिथे रेशमाची कड मागे दुमडून शिवलेली असते. ती दोन-चार सेंटीमीटरची पट्टी काचेकडे तोंड करून असते आणि सगळ्यात आधी तीच जाते. तुमच्या फोटोतली फाटही तिथूनच सुरू झालीय. यावर दोन उपाय आहेत. काचेलगत दुसऱ्या रॉडवर पातळ पांढरा पडदा लावायचा आणि उन्हाच्या वेळी तो ओढून ठेवायचा. किंवा त्या कडेला सुती, लिननच्या किंवा मखमली कापडाचा वेगळा काठ लावायचा. काठ चांगला दिसतो आणि पुढेमागे बदलताही येतो.

परवडणारं रेशीम नसतंच, हे म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण आमचं सगळं काम त्यावरच उभं आहे. खर्च वाचवण्याच्या प्रामाणिक जागा पुष्कळ आहेत. पूर्ण खिडकी झाकणारे पडदे रेशमाचेच हवेत असं काही नाही. खिडकीच्या दोन बाजूंना रेशमाचे अरुंद, न सरकणारे पल्ले आणि मधे रोजच्या वापराचा साधा पडदा, एवढ्यानेही खोलीचं रूप बदलतं आणि रेशीम निम्म्याहून कमी लागतं. रॉड चौकटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना पंधरा-वीस सेंटीमीटर सरकवला तर हे पल्ले भिंतीवर येतात, खिडकी मोठी दिसते आणि कापडही थेट उन्हातून बाहेर पडतं. भरतकाम टाळून साधं कापड घ्यावं. सुती-रेशमी मिश्रण चांगलं असतं, फक्त ते मिश्रण म्हणूनच विकत घेतलं पाहिजे. चुण्यांत मात्र काटकसर करू नये. रॉडच्या दुपटीपेक्षा कमी कापडात रेशमी पडदा चादर टांगल्यासारखा दिसतो. आणि दिवसभर ऊन येणारी खिडकी असेल, पडदा कायम ओढलेला ठेवायचा असेल, तर मी स्वतःच सांगते की इथे पॉलिस्टर घ्या. तेही आम्ही विकतो, पॉलिस्टर म्हणूनच. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराजवळ रेशमाचा विचारच करू नये.

तुमच्या मागणीबद्दल स्पष्ट सांगते. कापड आणि शिलाई दोन्ही ठरल्याप्रमाणे दिलेली असल्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत. पण तो पडदा टाकून देऊ नका, मला तो वाचवता येईल असं वाटतंय. तुमचे पल्ले अडीच पट चुण्यांचे आहेत. म्हणजे पल्ल्याच्या वाट्याला रॉडचा 1 मीटर येत असेल तर त्यात कापड 2.5 मीटर आहे. कडेचे 20 सेंटीमीटर कापून टाकले तरी 2.3 मीटर उरतं आणि चुण्या भरगच्चच राहतात. दोन्ही पल्ले सारखे कापून, कडेला काठ लावून, मागे अस्तर घालून देऊ. अस्तराच्या आणि काठाच्या कापडाचा खर्च तुमचा, शिलाई आमच्याकडून. उरलेल्या भागात किती जीव आहे हे मात्र कापड हातात घेतल्याशिवाय कळणार नाही. चुणीच्या कडेवरचं कापड दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणल्यावर विरलं, तर अस्तर लावण्यात अर्थ नाही, आणि तसं असेल तर मी तुम्हाला तोंडावर सांगेन. अशा वेळी मधल्या चांगल्या पट्ट्यांतून उशांचे अभ्रे निघतील.

तोवर दुसऱ्या खिडकीवरच्या पडद्यामागे एखादं पांढरं सुती कापड तात्पुरतं टाचून ठेवा. त्याच्याही मधल्या कडेवरून एकदा बोट फिरवून बघा. खरखरीत लागली तर तोही पाठवा.

पडदे पाठवण्याआधी घरी धुऊ नका, पाणी शिंपडून इस्त्रीही करू नका. रेशमावर पाण्याच्या थेंबाचा गोल डाग राहतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. घडी न घालता जुन्या चादरीबरोबर गुंडाळा, म्हणजे ठिसूळ झालेले धागे मोडणार नाहीत. वरची बुकरमची पट्टी आणि हुक आहेत तसेच राहू द्या. ऑर्डरचा कागद सापडला नाही तरी चालेल, आमच्याकडे त्याची प्रत आहे.